गोधडी, कावीळ आणि मेंदूचं दार

मामा झालो! धाकट्या बहिणीला मुलगा झाला, चंद्रपुरातच. फोनवर बऱ्याच जणांना सांगून झालंय, उरलेल्यांनी ही बातमी इथेच वाचावी. पेढे पोचतील.

पण आजचं लिखाण पेढ्यांचं नाही. तिसऱ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं. रक्तातलं बिलिरुबिन १७ आलं. दोन दिवस त्याला डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलं आणि ते छान बरं झालं. डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला लावली, तिचा निकाल असा आला : जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी. म्हणजे रोग नाही, फक्त काही पथ्यं आयुष्यभर पाळायची. सल्फाची काही औषधं नकोत, मलेरियाच्या काही गोळ्या विचारल्याशिवाय नकोत आणि बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत.

शेवटचं पथ्य ऐकताना आईच्या मांडीवर आजीच्या हातची गोधडी होती. जुन्या नऊवारी लुगड्यांची, तांबड्या दोऱ्याने टाचलेली. आदल्याच दिवशी तिने ती ट्रंकेतून काढली होती. खोलीभर डांबरगोळीचा वास येत होता. आईने काही न बोलता गोधडीची घडी घातली आणि ती बाहेर नेऊन ठेवली.

मला मात्र त्या वासाने पन्नास वर्षं मागे नेऊन सोडलं. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. तरी.

नातेवाईकांना आत्याचा मोठा मुलगा, आमचा दादा, माहीत आहे. इतरांसाठी सांगतो. दादाचे हात सतत वळत, पिळत असतात. स्वतःचे स्वतः, त्याला न विचारता. ऐकू फार कमी येतं. वर बघायचं असेल तर डोळे वर जात नाहीत, तो अख्खी मान मागे टाकतो. बोलणं आम्हा घरच्यांनाच कळतं. आणि बुद्धी? आत्याच्या किराणा दुकानाचा उधारीचा हिशेब कित्येक वर्षं वहीत नव्हता, दादाच्या डोक्यात होता. लोक त्याला वेडा समजायचे आणि तो त्यांची बाकी पैशापर्यंत सांगायचा.

दादा १९७४च्या डिसेंबरात जन्मला, सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी. पहिलं बाळंतपण म्हणून आत्या माहेरी आली होती. झाडीपट्टीतली थंडी, त्यात बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकी बंद, दाराला पडदा, कोपऱ्यात शेगडी. आजीने ट्रंकेतून गोधड्या काढल्या आणि बाळाला गुंडाळलं. त्या अंधारात बाळ पिवळं झालेलं कोणाला दिसलं नाही. चौथ्या दिवशी ते दूध ओढेना, चिरक्या आवाजात रडायला लागलं आणि पाठ धनुष्यासारखी मागे वळली. सगळ्यांना वाटलं धनुर्वात. माळ घालणारा आला, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवणारा’ आला. मग छोट्या रेल्वेने (तेव्हा ती नॅरोगेज होती) चांद्याला नेलं. तिथे एका डॉक्टरांनी सांगितलं, कोवळ्या उन्हात ठेवा, जाईल कावीळ. कावीळ गेली खरंच. जाताना जे न्यायचं ते घेऊन गेली.

गावाने कारण शोधलं. आत्याने पोटुशी असताना ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती. झालं! पन्नास वर्षं आत्या ती विळी मनात बाळगून आहे.

बाळ घरी आल्यावर रात्री जागून मी वाचत बसलो. मी डॉक्टर नाही, पण आपल्या घरात घडलेलं समजून घ्यायला डॉक्टर असावं लागत नाही. जे कळलं ते लिहितो.

तांबड्या रक्तपेशी म्हाताऱ्या झाल्या की फुटतात. त्यातल्या हिमोग्लोबिनचं जे उरतं ते बिलिरुबिन, एक पिवळा रंग. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमागे साधारण ३५ मिलिग्रॅम. हा रंग पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतो. यकृत त्याला विरघळण्याजोगा करतं आणि पित्तातून बाहेर टाकतं. पण नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या यकृतात हे काम करणाऱ्या एन्झाइमची ताकद मोठ्या माणसाच्या शेकडा एक इतकीच असते. म्हणून बहुतेक बाळं थोडी पिवळी होतात आणि आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतात. त्यात काही वावगं नाही.

वावगं होतं ते हा रंग मेंदूत उतरला तर. हे कसं होतं, हे कळायला माणसाला शंभरावर वर्षं लागली.

१८४७ साली पॅरिसमध्ये जाक एर्व्हियो नावाच्या तरुणाने नवजात बालकांच्या काविळीवर प्रबंध लिहिला. काविळीने गेलेल्या ४४ बाळांपैकी ३१ जणांचा मेंदूही त्याला पिवळा दिसला होता. १८७५ मध्ये बर्लिनच्या योहानेस ओर्थने एका बाळाच्या मेंदूत आणखी बारकाईने पाहिलं. मेंदू सगळा सारखा पिवळा नव्हता, खोल आतल्या काही गाठीच गडद रंगल्या होत्या. मग ड्रेस्डेनच्या गेओर्ग श्मोर्लने १९०३ मध्ये १२० काविळीच्या बाळांची शवविच्छेदनं मांडली. ११४ जणांत रंग फिका आणि पसरलेला होता, फक्त सहा जणांत तो त्या आतल्या गाठींत साठला होता. त्याला त्याने नाव दिलं, ‘कर्निक्टेरस’. कर्न म्हणजे गाभा, आणि इक्टेरस म्हणजे कावीळ. गाभ्याची कावीळ.

हे वाचताना मला दादा दिसत होता. त्या गाठी कसल्या? हालचालींना लगाम घालणाऱ्या. लगाम सुटला की हात आपोआप पिळतात. रंग ऐकण्याच्या वाटेवरच्या पेशींवर बसतो, डोळे वर नेणाऱ्या भागावर बसतो. विचार करणारा वरचा थर मात्र पुष्कळदा वाचतो. दादाचं सगळं शरीर श्मोर्लच्या त्या कागदावर लिहिलेलं होतं, दादा जन्मायच्या सत्तर वर्षं आधी.

पण रक्तातला रंग मेंदूत जातो कसा? कारण मेंदूला दार आहे. हे दार सापडलं तेही रंगांमुळेच. १८८५च्या सुमाराला पाउल एर्लिखने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोरा राहिला. त्याचा शिष्य गोल्डमन याने १९१३ मध्ये उलटा प्रयोग केला. रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तेव्हा मेंदू रंगला आणि बाकी शरीर कोरं. म्हणजे मध्ये कुंपण आहे. गंमत बघा, रक्तातलं बिलिरुबिन ओळखण्याची रासायनिक परीक्षाही याच एर्लिखने १८८३ मध्ये शोधली होती. दाराचा आणि चोराचा, दोघांचाही पत्ता एकाच माणसाने लावला, पण दोघांची गाठ कुठे पडते हे त्याच्या हयातीत कळलं नाही.

ते कळलं एका अपघातातून. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर जंतुसंसर्ग रोखणारी औषधं पडताळून पाहत होते. काही बाळांना पेनिसिलिन आणि सल्फाचं औषध, काहींना टेट्रासायक्लिन गटातलं. १९५६ मध्ये निकाल छापला, तो भयंकर होता. सल्फाच्या गटात जास्त मुलं दगावली आणि त्यांच्यात गाभ्याची कावीळ जास्त होती. बाळांना वाचवायला दिलेल्या औषधानेच घात केला होता. आणि चक्रावणारी गोष्ट अशी, की सल्फा घेतलेल्या बाळांच्या रक्तात बिलिरुबिन जास्त नव्हतं, उलट कमी होतं.

१९५९ मध्ये जेरार्ड ओडेलने कोडं सोडवलं. मी ते आपल्या वैनगंगेच्या डोंग्यावरून समजून घेतलं. बिलिरुबिनला रक्ताच्या पाण्यात पोहता येत नाही. अल्ब्युमिन नावाचं प्रथिन म्हणजे डोंगा. बिलिरुबिन त्यात बसून यकृताच्या घाटापर्यंत जातं. हजारात एकाहूनही कमी रेणू डोंग्याबाहेर, सुटे असतात. डोंगा मेंदूच्या काठावर चढू शकत नाही. पण सुटा रेणू चरबीत विरघळणारा, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीही चरबीच्याच. तो भिंतीतून सरळ पलीकडे झिरपतो. सल्फा येतं आणि डोंग्यातल्या जागा बळकावतं. ढकललेलं बिलिरुबिन रक्त सोडून काठावर चढतं. म्हणून रक्तात ते कमी दिसतं आणि मेंदूत जास्त!

पुढे आणखी कळलं. नवजात बाळाचं हे दार उघडंच असतं असं पूर्वी मानत, ते तितकंसं खरं नाही. दार असतं, आणि भिंतीतले पंप आत आलेला रंग परत बाहेरही फेकतात. पण थोडा रंग आत जातच राहतो, आणि पेशी थकलेल्या असल्या तर त्याचं विष बाधतं. बाळ कमी दिवसांचं असेल, डोंगे कमी असतील, जंतुसंसर्ग असेल, श्वास कोंडून रक्त आम्ल झालं असेल, तर मध्यम आकडाही घातक ठरतो. आणि रक्तपेशी भराभर फुटत असतील तर काय, डोंगे कितीही असले तरी कमीच.

इथे आमची डांबरगोळी येते. तिच्यात नॅफ्थलिन असतं. जी-सिक्स-पीडी एन्झाइम रक्तपेशीला असल्या रसायनांपासून वाचवतं. ते कमी असेल तर नॅफ्थलिनच्या वाफेनेही पेशी फुटू शकतात. गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत बाळाला गुंडाळलं आणि त्याला गाभ्याची कावीळ झाली, अशा घटना ग्रीससारख्या देशांत डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्या आहेत.

आणि हे एन्झाइम आपल्याकडे कमी का? मलेरियामुळे. ज्या रानांत पिढ्यान् पिढ्या हिवताप राहिला, तिथे हा दोष टिकला, कारण तो हिवतापापासून थोडं संरक्षण देतो. सिकलसेलचंही तसंच. हा दोष सापडलाही मलेरियाच्याच गोळीमुळे. प्रायमाक्विन घेतल्यावर काही सैनिकांच्या आणि कैद्यांच्या रक्तपेशी का फुटतात, याचा अमेरिकेत शोध घेताना १९५६ मध्ये हे एन्झाइम हाती लागलं. आता बाबांची जुनी गोष्ट आठवा. तरुणपणी अहेरीकडे नोकरीला असताना त्यांना हिवताप झाला, गोळ्यांचा कोर्स दिला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. ‘गोळी गरम पडली’ असं घरात म्हणायचे. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. आजीकडून बाबांना आणि आत्याला, आत्याकडून दादाला, बाबांकडून बहिणीला, तिच्याकडून या बाळाला. बाबांचा एक्स मुलाला मिळत नाही, म्हणून मी तेवढा सुटलो. दादाची तपासणी गेल्या महिन्यात केली. कमीच आहे.

दादाचं नुकसान गोधडीनेच झालं हे मी छातीठोक सांगू शकत नाही. नुसत्या या दोषानेही कावीळ वाढू शकते. पण सगळे धागे एका ट्रंकेपाशी येतात.

मग मनात आलं, तेव्हा कोणी काही करू शकलं असतं का? इलाज जगात होता. इंग्लंडमध्ये रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाची परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणात उन्हात न्यायची. १९५६ मध्ये तिने डॉक्टरांना दाखवलं, की चादरीचा कोपरा होता तेवढाच त्रिकोण पिवळा राहिलाय, बाकी अंग निवळलंय. तिच्या त्या निरीक्षणातून १९५८ मध्ये दिव्याचा उपचार आला. निळा उजेड बिलिरुबिनच्या रेणूचा आकारच बदलतो आणि यकृताच्या मदतीवाचून ते बाहेर जाऊ शकतं. म्हणजे चांद्याचे डॉक्टर उन्हाबाबत अगदीच चूक नव्हते. पण हिवाळ्यातलं कोवळं ऊन दिव्याइतकं पुरत नाही, आणि पाठ वळायला लागलेल्या बाळासाठी फार उशीर झालेला होता. रक्त बदलण्याचा उपाय १९४०च्या दशकापासून होता. मोठ्या शहरात. बाळ मात्र एका बंद खोलीत होतं.

ती खोली उघडण्याचं काम पुढे आमच्याच मुलखात झालं. १९८२ मध्ये चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग तिथे आले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली. सुरुवातीला त्यांनी सिकलसेल शोधला. पण लोकांना त्याचं फार वाटलं नाही, कारण त्यांच्या दुखण्यांच्या यादीत तो नव्हता. बाळांचं मरण मात्र होतं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांना घरी जाऊन पाहिलं. सुमारे ९५ टक्के जन्म घरीच होत. निम्म्याहून जास्त बाळांना, ५४.४ टक्के, उपचारांची गरज होती. मिळाले किती जणांना? २.६ टक्के. हा आकडा वाचून मी उठून पाणी प्यालो. दादाचं एकट्याचं नशीब फुटकं नव्हतं. बंद खोलीत अख्खा जिल्हा होता.

सर्चने गावातल्याच बायकांना शिकवलं. आरोग्यदूत बाळंतिणीच्या खोलीत जायची, बाळाचं वजन करायची, श्वास मोजायची, रंग बघायची, जंतुसंसर्ग असेल तर घरीच इंजेक्शन द्यायची. नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत शंभरी १६.६ मरायची, ते प्रमाण २.८ झालं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापलं.

आता यातली मला अडखळवणारी गोष्ट. आरोग्यदूत जंतुसंसर्गावर दोन औषधं देत, जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि को-ट्रायमोक्साझोलचं पातळ औषध. दुसऱ्यात सल्फा आहे! डोंग्यातून बिलिरुबिन ढकलणाऱ्या घराण्यातलं. पुस्तकं सांगतात, दोन महिन्यांखालच्या बाळाला देऊ नये. मी आधी जरा चिडूनच वाचत होतो. मग तोच आकडा परत पाहिला, १६.६ आणि २.८. एका बाजूला पुस्तकातली भीती, दुसऱ्या बाजूला दर सहा बाळांमागे एक डोळ्यांदेखत जाणारं. रस्ता नाही, दवाखाना लांब, तोंडाने देता येणारं स्वस्त औषध ते. जुनं वैद्यकीय लेखन चाळणाऱ्यांना पुढे या विशिष्ट औषधाने नवजाताला गाभ्याची कावीळ झाल्याचा ठोस पुरावा सापडला नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, दवाखान्यात नेणं अशक्यच असेल तर जेंटामायसिनबरोबर अमॉक्सिसिलिन द्या, असं सांगितलं. म्हणजे ज्ञान पुढे गेलं की औषधही बदलतं. सिल्व्हरमनच्या बाळांनी शिकवलं की चांगल्या हेतूचीही मोजदाद ठेवा. गडचिरोलीने शिकवलं की मोजदाद ठेवणार असाल तर हात बांधून बसू नका. मला तरी या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटत नाहीत.

हेच घरपोच बाळकाम २०११ पासून देशभरातल्या आशाताई करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. तिसरा दिवस महत्त्वाचा. हल्ली बाळंतपणं दवाखान्यात होतात, पण दोन दिवसांत सुट्टी मिळते आणि कावीळ चढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. घरी. परत त्याच खोलीत.

म्हणून नात्यातल्या सगळ्या होणाऱ्या आया, आज्या, मावश्यांना हात जोडून सांगतो. बाळाला दिवसाच्या उजेडात बघा. सावळ्या बाळाचा पिवळेपणा चटकन कळत नाही, कपाळावर, छातीवर बोटाने हलकं दाबून बोट उचला आणि रंग बघा. पिवळेपणा डोक्याकडून पायांकडे उतरतो. तळवे पिवळे झाले, पहिल्याच दिवशी कावीळ दिसली, बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, तर माळ नको, ऊन नको, सरळ दवाखाना. आणि डांबरगोळ्या बाळाच्या कपड्यांपासून दूर.

राहिली आत्या. तिला सांगावं की नाही, आठ दिवस ठरत नव्हतं. विळी काढून घ्यायची आणि तिच्या जागी गोधडी द्यायची? तीही तिच्या आईने शिवलेली? शेवटी रविवारी सिंदेवाहीला गेलो. सगळं सांगितलं, डोंग्यासकट. दादा शेजारी बसून माझे ओठ वाचत होता.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हंजे ग्रहणानं नाही झालं?”

“नाही आत्या.”

“आन् माय बिचारी. तिले त थंडीच दिसली.”

मी काही बोललो नाही. दादा मात्र हसला, मान मागे टाकून, आणि त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाला. मला नीट कळलं नाही. आत्याने सांगितलं, “तो म्हन्ते, मी केव्हाचा सांगून राह्यलो, विळीचा काय संबंध.”

गोधडी आता आत्याकडे आहे. तिने मागून घेतली. आठवडाभर अंगणातल्या दोरीवर ऊन खात होती म्हणे.